अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स हवा असेल तर ओसीआय कार्ड परत करावं का?

मेरीलँडचा मामा: भाच्याला इथे डिफेन्सचं काम करणाऱ्या कंपनीत ऑफर आलीये, पण सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, मिळाला तरच जॉइनिंग. तो अमेरिकन सिटिझन होऊन सहा वर्षं झाली, आईबाबा पुण्यात, कोथरूडच्या फ्लॅटवर त्याचंही नाव आहे. कुणीतरी त्याला सांगितलं की ओसीआय, म्हणजे मूळ भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड, परत कर आणि क्लिअरन्सच्या फॉर्मात फ्लॅटचं लिहूच नकोस, तेव्हापासून पोराची झोप उडालीये. माझ्या मते कार्ड ठेवावं आणि सगळं खरं लिहावं. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हेच, आपल्या १९५५ च्या कायद्याने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, मग ना मतदान ना भारतीय पासपोर्ट.

वऱ्हाडी: मामा, नाही पटलं. कार्डाच्या नावातच सिटिझन आहे, तपासणाऱ्याने काय समजायचं? आपल्या देशाला एकच नागरिकत्व चालतं आणि ते मला योग्यच वाटतं, मग अमेरिकेने तरी स्वतःची गुपितं दोन्हीकडे पाय असलेल्याच्या हाती का द्यावी? उद्या पुण्यात आईवर कुणी दबाव आणला तर पोरगा काय करणार?

व्हर्जिनियाची ताई: दादा, दबावाचा मुद्दा खरा आहे पण तो नागरिकत्वाचा नाही. त्यांच्या नियमात ते दोन वेगळे भाग आहेत, बी म्हणजे परदेशी प्रभाव आणि सी म्हणजे परदेशाला झुकतं माप. २०१७ च्या जूनपासून लागू असलेल्या नियमांत तर खरोखरचं दुहेरी नागरिकत्वही, म्हणजे समजा कॅनडाचं, नुसतं आहे म्हणून नकार देत नाहीत. पण ते लपवलं, किंवा अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्ट वापरला नाही, तर ते अंगाशी येतं. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते बी मध्ये, नातेवाईक आणि प्रॉपर्टी.
मी स्वतः यातून गेलेय. क्लिअरन्ससाठीचा एसएफ-८६ फॉर्म भरताना डायनिंग टेबलावर जुने पासपोर्ट पसरून सात वर्षांच्या ट्रिपा शिक्के बघून लिहिल्या, सासूसासऱ्यांचे पत्ते, जन्मतारखा, सगळं. इंटरव्ह्यूत बाईंनी विचारलं आईशी किती वेळा बोलता, मी म्हटलं रोज, रात्री साडेआठला व्हॉट्सॲपवर. तेवढंच लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न.

वऱ्हाडी: ताई, तुमचं झालं ते चांगलंच झालं. पण शंका राहिली तर निकाल देशाच्या सुरक्षेच्या बाजूने द्यायचा हे त्याच नियमांत आहे ना? आणि क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. मग पोराने स्वतःहून कार्ड सोडून शंकाच का मिटवू नये? फ्लॅट लपवा असं मात्र मी कधीच म्हणणार नाही, ते साफ चूक आहे.

व्हर्जिनियाची ताई: कारण कार्ड सोडलं तरी आई पुण्यातच राहणार ना हो. शंका आईवरून येते, कार्डावरून नाही. उलट आई आजारी पडली तर पोराला व्हिसासाठी थांबावं लागेल. आणि त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, हे आधी त्या सल्ला देणाऱ्याला सांगा.

मेरीलँडचा मामा: आत्ताच फोन झाला. फ्लॅट लिहितोय, बाबांकडून इंडेक्स टू चा, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्याचा, फोटो मागवलाय.