शाळेच्या कॅन्टीनची तपासणी न सांगता व्हावी, आणि चूक सापडली तर त्याच दिवशी कुलूप

धागाकर्ता : सरकारी शाळांच्या कॅन्टीनबाबत माझं मत ठाम आहे. तपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी आणि गंभीर त्रुटी दिसली तर स्वयंपाकघर तिथल्या तिथे बंद करावं. २००५ साली ब्रिटनच्या दक्षिण वेल्समध्ये शाळांना मांस पुरवणाऱ्या एका खाटकाने कच्चं आणि शिजवलेलं मांस एकाच व्हॅक्यूम पॅकिंग मशीनवर बांधलं. त्यातून ई. कोलाय ओ१५७ हा घातक जंतू पसरला, दीडशेहून जास्त जण आजारी पडले, त्यांत बरीचशी शाळकरी मुलं. पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या दुकानाच्या तपासण्या झाल्या होत्या, नोंदवह्याही होत्या. चौकशीत नोंदी खोट्या निघाल्या.

एक मुख्याध्यापिका : कुलूप लावणं सोपं आहे हो. त्या दुपारी मुलांनी खायचं काय? कित्येकांचं दिवसातलं पोटभर जेवण तेवढंच असतं. आणि तपासणीला येणारे बघतात काय? फरशी, टोप्या, भिंतीवरचं प्रमाणपत्र. शिजलेल्या पातेल्यात थर्मामीटर घालताना मी आजवर कोणाला पाहिलेलं नाही.

पालक समितीतला एक : मॅडमशी सहमत. आमच्या शाळेत फ्रीजच्या दारावर तापमानाचा तक्ता आहे. महिनाभर रोज ४ अंश, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. तपासणीत तक्त्यावर सही झाली, फ्रीज कोणी उघडलासुद्धा नाही. आणखी दहा रजिस्टरं वाढवलीत तर असेच आणखी दहा तक्ते तयार होतील.

अन्न तपासणीत काम केलेला : खरा घोळ होतो तो अन्न शिजल्यानंतर. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. खोल पातेल्यातला भात वरून गार लागतो, पण मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (उष्णतेत टिकणारी सुप्त रूपं) शिजवण्यातून वाचतात आणि त्या कोमट भातात विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे 'परत एकदा उकळी काढू' यावर विसंबू नका. उरलेलं अन्न लगेच उथळ ताटांत पसरून थंड करायचं, आणि किती वेळ बाहेर राहिलं याची खात्री नसेल तर टाकून द्यायचं. हे टाकून देण्याचा अधिकार स्वयंपाकीण बाईंना हवा. 'वाया का घालवलं' म्हणून त्यांनाच बोलणी बसली, तर पुढच्या वेळी त्या टाकणार नाहीत.

धागाकर्ता : हे पटलं. पण सक्तीशिवाय होतं का? १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली. आता तिथे प्रत्येक पदार्थाचा सुमारे ५० ग्रॅम नमुना उणे २० अंशांना किमान दोन आठवडे ठेवतात, आणि मुलांच्या आधी अर्धा तास शाळेतला जबाबदार माणूस ते जेवण जेवतो. हे नियमामुळेच झालं ना?

एक मुख्याध्यापिका : नमुना ठेवायला माझी ना नाही, मुलं आजारी पडली तर त्यावरून आजाराचं मूळ शोधता येतं. पण अर्धा तास आधी चाखून जंतू कळत नाहीत. फार तर कुबट वास, कच्चेपणा किंवा जेवणात पडलेलं काही लक्षात येईल. आणि तुमच्या सगळ्या चर्चेत एक माणूस राहूनच गेला : जुलाब होत असताना कामावर येणारी मदतनीस. न आली तर तिचा रोज बुडतो. लक्षणं थांबल्यावरही ४८ तास तिने अन्नाला हात लावू नये, असं तज्ज्ञ सांगतात. त्या दोन दिवसांचे पैसे कोण देणार? ते ठरत नाही तोवर ती तब्येतीबद्दल खरं सांगणार नाही.

धागाकर्ता : पगारी रजा नियमात यायलाच हवी, हे मी माझ्या मागणीत जोडतो. स्वयंपाकघर बंद केलं तर त्याच दुपारचं पर्यायी जेवण शाळेवर न टाकता प्रशासनाने द्यावं, हेही मान्य. पण पूर्वसूचना नको, यावर मी मागे हटणार नाही. आदल्या दिवशी फोन गेला की फ्रीजही ४ अंशांवर येतो.

अन्न तपासणीत काम केलेला : मग तपासणीची वेळही ठरवा. सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही. वाढप सुरू असताना जा आणि पातेल्याच्या मधोमध तापमान मोजा.