दोन वर्षं संख्याशास्त्रात घालवायची की सहा महिन्यांचा कोर्स करायचा?

कोथरूडची:
काल इथे एकाने लिहिलं: 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी म्हणजे दोन वर्षं पाण्यात. सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करा, पायथन शिका, नोकरीला लागा. सगळा डेटा हाताशी असताना सॅम्पलिंग, म्हणजे थोडे नमुने घेऊन सगळ्यांचा अंदाज बांधणं, कोण वापरतं?' खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं हे वाचून निर्णय घेतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी औषधांच्या चाचण्यांमध्ये काम करते. किती रुग्ण घ्यायचे, मधेच कोणी सोडून गेलं तर त्याचा हिशोब कसा धरायचा, हे सगळं निकाल हाती यायच्या आधी लिहून द्यावं लागतं. ही जबाबदारी पात्र आणि अनुभवी संख्याशास्त्रज्ञाची, असं औषध-चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (आयसीएच ई-नाइन) १९९८ पासून लिहिलेलं आहे. आमच्याकडे असाच कोर्स करून आलेल्या एका मुलाने अर्धवट माहितीच्या सगळ्या ओळी एका कमांडने उडवल्या. त्या ओळी कोणाच्या होत्या? औषध सोसलं नाही म्हणून सोडून गेलेल्यांच्या. उरले ते सोसलेले, आणि औषध एकदम गुणकारी दिसायला लागलं. कमांड बरोबरच चालली होती.

मशीनवाला:
ती पोस्ट माझी. ताई, औषधांचं क्षेत्र वेगळं, तिथे किती जणांना नोकऱ्या मिळतात? माझे वडील एसटीत कंडक्टर होते. पुण्यात दोन वर्षं खोलीभाडं, मेस आणि फी भरून पुढे काय होईल याची खात्री नाही, हे परवडणाऱ्या घरातली मुलं वेगळी असतात. मी मुलाखती घेतो. एमएस्सी झालेल्या मुलीला संगणकावर डेटाची दोन टेबलं जोडता येत नव्हती, पण प्रमेय तोंडपाठ. मी काय करू त्या प्रमेयाचं?

जर्नल_अपूर्ण:
ती मुलगी मीच असू शकले असते. आमच्या विभागात प्रॅक्टिकल म्हणजे कॅल्क्युलेटर, आलेख कागद आणि जर्नल. गणित सुटलं का हे कोणी विचारायचं नाही, पण जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत. राव-ब्लॅकवेल प्रमेयाची सिद्धता घोकून लिहिली, मार्कही पडले. खरा डेटा, म्हणजे वयाच्या रकान्यात १९९ लिहिलेला, एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी आलेला, तो पहिल्यांदा नोकरीत पाहिला. पदवीच्या नावात 'अप्लाइड' लिहून भागत नाही.

कोथरूडची:
हे मान्य. पण हा शिकवण्याचा दोष आहे, विषयाचा नाही. आणि मशीनवाले, शंभरातले दोघंच कर्ज बुडवत असतील तर सगळ्यांना 'फेडेल' म्हणणारं मॉडेलसुद्धा ९८ टक्के अचूक ठरतं. हे तुमच्या कोर्समध्ये कोण सांगतं?

मशीनवाला:
पहिल्याच आठवड्यात सांगतात. आम्हाला इतकं अडाणी समजू नका.

तात्या_बार्शी:
सॅम्पलिंग कोण वापरतं म्हणे! आमच्या पीकविम्याचं सगळं त्याच्यावरच चालतं. महसूल मंडळात पंधरा-वीस गावं, त्यात दहाएक पीक कापणी प्रयोग, आणि त्यावरून हजारो शेतकऱ्यांचं उत्पन्न ठरणार. माझं सोयाबीन पाण्याखाली कुजलं, पण प्रयोग झाले ते माळावरच्या रानात. मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं निघालं, म्हणून मला दमडी नाही. एक रुपयातला विमा २०२३ ला आला, २०२५ ला गेला. तेव्हापासून तर भरपाईचा मुख्य भार या कापणीवरच. या शास्त्राचं कौतुक माझ्यासमोर करू नका.

रब्बी:
तात्या, मी कृषी सहायक म्हणून हे प्रयोग केलेत. गट नंबर आम्ही निवडत नाही, यादृच्छिक आकड्यांवरून येतो. रानात गेल्यावरही कोपऱ्यापासून किती पावलं लांब आणि किती आत, ते आकडेच सांगतात. तिथे १० बाय ५ मीटरचा तुकडा, चार खुंट्या, दोरी. भर उन्हात कापायचं, मळायचं, वजन करायचं, वर विमा कंपनीचा माणूस आणि गावकरी दोन्हीकडून ओरडणार. 'माळावर घेतलं' म्हणणं सोपं आहे.

तात्या_बार्शी:
सगळे तुमच्यासारखे असते तर बोललोच नसतो. आमच्या गावात प्रयोग झाला तो पारावर बसून, कागदावर. सांगू का अजून?

रब्बी:
पुरावा असेल तर तक्रार करा. सरसकट चोर म्हणू नका.

मशीनवाला:
म्हणून म्हणतो, माणूस काढा. उपग्रहावरून उत्पन्न मोजा, भांडणच मिटेल.

कोथरूडची:
नाही मिटणार. उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, क्विंटल दिसत नाहीत. ते मॉडेल शिकवायलाही कापणीचेच आकडे लागतात, आणि ते कललेले असतील तर मॉडेलही तिकडेच कलणार.

हा वाद जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, यांनी चाळीसच्या दशकात दाखवलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. दोरीच्या अगदी कडेवरचं रोप आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितका त्यात कडेचा वाटा मोठा. भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, त्यामुळे दोघांत जुंपली होती. लहान तुकड्यांची संख्या दहापट केली तरी हा दोष जात नाही. उत्पन्न फुगलं की तात्यांची भरपाई घटते. रब्बींनी प्रामाणिकपणे कापलं तरी हे होऊ शकतं. आकार किती, किती तुकडे, मंडळ पाणथळ आणि माळरान असं आधीच विभागून निवड करायची का, हे ठरवायला सॅम्पलिंग आलेला माणूस लागतो.

तात्या_बार्शी:
विभागून करा ना मग! इतक्या वर्षांत एकानेही हे समजावून सांगितलं नव्हतं. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच.

मशीनवाला:
ठीक. सॅम्पलिंगबद्दलचं वाक्य मागे घेतो. दोन वर्षांबद्दलचं नाही. कंडक्टरच्या मुलाला तुमचे सुखात्मे भाडं देत नाहीत.

कोथरूडची:
भाड्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या मुलाला 'विषयच कालबाह्य आहे' असं खोटं सांगू नका. परवडत नाही म्हणून सोडणं वेगळं.

जर्नल_अपूर्ण:
ज्यांना खरंच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी: भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो आणि तिला या विषयातली पदवी लागते, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र चालत नाही. आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेतला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्या. आणि प्रवेश घेण्याआधी त्या विभागात जाऊन मागच्या वर्षीचे प्रकल्प बघायला मागा. दाखवायला तयार नसतील तर दुसरीकडे अर्ज करा.