मदत हवी आहे : सरावात उत्तम, सामन्यात गडबड. कमी नेमकी कशात आहे?

नमस्कार मंडळी. मी बॅडमिंटन शिकवते आणि एका तेरा वर्षांच्या मुलीचं कोडं सुटत नाहीये. मी एकामागून एक शटल टाकून (फीड करून) स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरदार फटका, मारायला लावला तर बघत राहावं असा फटका. पाय, कोपर, मनगट सगळं जागच्या जागी. सामन्यात मात्र हीच मुलगी शटलखाली उशिरा पोहोचते आणि ड्रॉप (जाळ्याजवळ पडणारा हलका फटका) टाकायचा तिथे स्मॅश मारून बसते.

कमी शारीरिक क्षमतेत, तंत्रात की कौशल्यात, हे शोधतेय. क्षमता तपासणं त्यातल्या त्यात सोपं. सोडलेली पट्टी पकडायची चाचणी घेतली (15 सेंमीवर पकडली तर प्रतिक्रियेचा वेळ साधारण 0.17 सेकंद), उभी उडी, 4 × 10 मीटर शटल रन (दोन रेषांमध्ये ये-जा करत धावणं), कशातच ती मागे नाही. तंत्र व्हिडिओत दिसतंच. उरलं कौशल्य, म्हणजे समोरच्याची रॅकेट वाचून योग्य वेळी योग्य फटका निवडणं. ते मोजायचं कसं, इथे माझं घोडं अडलंय.

‘तंत्र अजून घोटून घ्या’ हा सल्ला कृपया नको. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने पाठ आडव्या काठीकडे करून 2.24 मीटर उडी मारली आणि सुवर्ण जिंकलं, तिथे नव्या तंत्राने बाजी मारली हे मान्य. पण उंच उडीतली काठी तुम्हाला फसवत नाही, प्रतिस्पर्धी फसवतो.

सामन्यातले निर्णय नोंदवायची पद्धत कोणी वापरली आहे का? व्हिडिओ फटक्याच्या क्षणी थांबवून ‘शटल कुठे जाईल?’ असं विचारल्याचा उपयोग होतो का? आणि क्रम न सांगता फीडिंग या वयात किती करावं?