‘परी’ हा शब्द ‘फेअरी’वरून आला आहे का?

बी ३०४ : नमस्कार. बालमेळाव्याच्या फलकावर ‘परी हा इंग्रजी फेअरी या शब्दाचाच अपभ्रंश आहे’ असे लिहिलेले नातीने मला वाचून दाखवले. ते बरोबर आहे का? ए १०२ मधील काकांनी कृपया सांगावे.

ए १०२ : ताई, ते बरोबर नाही, आणि मुले तो फलक वाचणार आहेत म्हणून तो बदलावा असे मला मनापासून वाटते. ‘परी’ आपल्याकडे फारसीतून आली. तिचे मूळ पारशी धर्मग्रंथ अवेस्तामधील ‘पइरिका’ या शब्दात आहे. तेथे ती दुष्ट स्त्रीशक्ती असून तिचे नाव जादूगारांच्या जोडीने येते, आणि पाऊस आणणाऱ्या तिश्त्र्य या तारकादेवतेच्या स्तोत्रात तर दुष्काळालाच पइरिका म्हटले आहे. पुढे फारसी काव्यात मात्र तीच सौंदर्याची उपमा झाली, आणि सुंदर स्त्रीला ‘परीचेहर’, म्हणजे परीच्या मुखाची, म्हणू लागले. एका हडळीची अप्सरा व्हावी, असा हा बदल आहे.

डी ४०२ : पर म्हणजे पंख, आणि पंख असलेली ती परी, असे मी समजत होतो.

ए १०२ : तो ‘पर’ही फारसीच, पण शब्द वेगळा. ‘फेअरी’ तर लॅटिन ‘फातुम’पासून, फ्रेंच ‘फे’च्या वाटेने आली. ‘फातुम’ म्हणजे बोलले गेलेले, म्हणून दैव. शार्ल पेरो यांच्या १६९७ मधील कथासंग्रहात झोपी गेलेल्या राजकन्येच्या बारशाला सात पऱ्या बोलावलेल्या असतात आणि न बोलावलेली आठवी, म्हातारी परी येऊन शाप देते. बाळाचे दैव ठरवणे हे ‘फे’चे जुने काम तेथे स्पष्ट दिसते.

सी २०१ : काका, मग ही तर आपली सटवाईच! माझ्या आजोळी सहाव्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवत, कारण सटवाई येऊन कपाळी लिहून जाते.

ए १०२ : काम तेच, ताई. नावात मात्र नाते नाही, कारण सटवाई षष्ठीवरून आली. मला स्वतःला ‘फे’साठी परीपेक्षा सटवाईच अधिक जवळची वाटते.

बी ३०४ : आभारी आहे. ‘परी फारसीतून आली, फेअरी लॅटिनमधून; दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही’ असे फलकावर आज संध्याकाळी लिहून घेते. सटवाईची गोष्ट सी २०१ मधील ताईंनी मेळाव्यात मुलांना सांगावी.