घरी जोडलेली एआर रायफल आपोआप सुटते, आणि म्हणे शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर नेऊन बघतो

रेंजवाला
काल इथे ऑस्टिनच्या एका मित्रानं लिहिलं की घरी पार्ट जोडून केलेली त्याची एआर-१५ ट्रिगर एकदा दाबला की कधी एक, कधी दोन गोळ्या सोडते, आणि परवा तर बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा भाग, पुढे गेला तसा ट्रिगरला बोट न लावता बार झाला. आता त्याचा प्लॅन असा, की व्हिडिओ बघून ट्रिगरचे पार्ट स्वतःच घासायचे आणि शनिवारी रेंजवर जाऊन खात्री करायची. मला रात्री दीडपर्यंत झोप नाही. अरे, शनिवारी तिथे शेजारच्या लेनवर माझा मुलगा असतो.

एआरची फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणारी सुई, मोकळी असते, गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, जाताना प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या स्फोटक टिकलीवर, बारीक टोचा पडतोच, चांगल्या बंदुकीतही. मग तुझ्याकडे प्रायमर मऊ आहे, का वर आलाय, का पिन घाणीनं अडकतेय, का पिनवर आपटणारा हॅमर धरला जात नाहीये, हे टेबलावर बसून ओळखणार कसा? आणि ट्रिगरच्या पार्टला कडकपणा असतो तो बहुतेक वरच्या पातळ थरालाच. तो घासलास की खालचा मऊ धातू उघडा. आज ठीक चालेल, दोनशे गोळ्यांनी परत तेच.

शिवाय कायदा. ट्रिगरच्या एका दाबात एकाहून जास्त गोळ्या म्हणजे मशीनगन, १९३४ पासून हीच व्याख्या. विस्कॉन्सिनमध्ये एकानं दुसऱ्याला वापरायला दिलेल्या एआरनं रेंजवर तीन-तीन गोळ्या सोडल्या, "बिघाड होता" हा बचाव चालला नाही, २००८ मध्ये अडीच वर्षं शिक्षा झाली.

लेथवाला
तो ऑस्टिनचा मित्र मीच. पहिली गोष्ट, अर्धी केस सांगू नका. त्या रायफलीत लष्कराच्या ऑटोमॅटिक एम-१६ चे पार्ट होते, माझ्यात एकही नाही, सगळ्या पावत्या आहेत. दुसरं, आमचं मिरजेत लेथचं वर्कशॉप होतं, मी चौदाव्या वर्षापासून मायक्रोमीटर हातात धरतोय, मला धातूचा थर शिकवू नका. इथला गनस्मिथ, बंदुका दुरुस्त करणारा, सहा आठवडे ठेवून घेतो आणि पार्ट बदलून बिल लावतो, काय बिघडलं होतं ते सांगतही नाही. मागच्या वर्षी मित्राची रायफल दोनदा परत न्यावी लागली. स्वतःसाठी बंदूक बनवायला फेडरल कायद्यात बंदी नाही, मग स्वतः दुरुस्त केली तर तुमच्या पोटात का दुखतं?

न्यू जर्सीची वहिनी
टेक्सासचं टेक्सासला. आमच्याकडे सिरीयल नंबर नसलेली घरगुती बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा. पण भावजी, आधी एक सांगा, तुम्ही ग्रीन कार्डवर की एच-वन बी वर?

लेथवाला
एच-वन बी. माहीत आहे, या व्हिसावर बंदूक ठेवायला फेडरल बंदी आहे, पण हंटिंग लायसन्स म्हणजे शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे. तो आहे माझ्याकडे, त्या अपवादात बसतो. विषय संपला.

प्लेनोकर
संपला नाही मित्रा. टेक्सासचं वर्षाचं हंटिंग लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. माझं संपलं होतं आणि मी पुण्याला गेलेलो, आजी आजारी होती, परत आलो ऑक्टोबरात. म्हणजे १ सप्टेंबरपासून माझ्या कपाटातली बंदूक फेडरल गुन्हा होती आणि मला पत्ताच नाही. वकिलानं सांगितलं तेव्हा पाय गार पडले. तू या वर्षीचं काढलंस का?

कोल्हापुरी ह्यूस्टन
हे कागदाचं नाटकच मला पटत नाही. आयुष्यात हरीण मारलं नाही, मारणार नाही, आणि लायसन्स मात्र शिकारीचं. उद्या एखादा अधिकारी म्हणाला की ही पळवाट आहे तर सगळ्या देशी पोरांचे व्हिसा तपासत बसतील.

प्लेनोकर
पळवाट कसली, कायद्यातच लिहिलंय की वैध हंटिंग लायसन्स किंवा परमिट असेल तर चालतं. शिकारीला गेलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय दाखव.

कोल्हापुरी ह्यूस्टन
लिहिलं नसेल, पण तू काउंटरवर उभा राहून समजावणार आहेस का? माझ्या चुलतभावाची व्हिसा स्टॅम्पिंगची मुलाखत सहा महिने लटकली, कशामुळे ते आजतागायत कुणी सांगितलं नाही. घरात वेड्यासारखे झालो होतो आम्ही. मला धोका नको, बस.

न्यू जर्सीची वहिनी
त्यापेक्षा मोठं सांगते. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. एच-वन ची काय कथा. घरी बायको-मुलं आहेत ना तुमच्या?

लेथवाला
माझी बायको-मुलं मध्ये आणू नका. मी बंदुकीबद्दल विचारलं होतं.

खडकीचे काका
मग बंदुकीबद्दल ऐक बाळा. मी एकवीस वर्षं फौजेत होतो, सुरुवातीला एसएलआर रायफल. गार्डरूमसमोर वाळूनं भरलेला खड्डा असायचा, ड्यूटी संपली की त्यात नळी ठेवून हत्यार रिकामं करायचं. एका रात्री माझ्या मागच्या पोरानं मॅगझीन काढायच्या आधी बोल्ट ओढला, गोळी परत चेंबरमध्ये चढली, त्यानं ट्रिगर दाबला. वाळूत गेली म्हणून मी आज टाईप करतोय. पोर हुशार होतं, निशाणा आमच्या कंपनीत पहिला. हुशारीवर वाळूचा खड्डा ठरत नाही. तुझ्या हत्यारात तर बोट न लावता फायर होतंय, त्याला तू भरून लोकांमध्ये नेणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये गोविंदाच्या पायात त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, तीही घरातच.

लेथवाला
काका, तुमचा मान राखून सांगतो, रिव्हॉल्व्हरचा आणि माझ्या बिघाडाचा संबंध नाही.

खडकीचे काका
संबंध एवढाच की नळी कुठे होती. तुझी परवा कुठे होती?

लेथवाला
गॅरेजच्या भिंतीकडे. पलीकडे वॉशिंग मशीन आहे.

न्यू जर्सीची वहिनी
म्हणजे गोळी भिंतीतून गेली?? हे तुम्ही काल लिहिलंच नाहीत.

रेंजवाला
गॅरेजमध्ये खरी गोळी चढवून बोल्ट सोडत होतास? पार्ट घासायचं राहू दे, हेच आधी बंद कर. आणि हो, एम-१६ च्या पार्टांचं मी सांगायला हवं होतं, ते चुकलं माझं. पण तुझ्याकडे ते नाहीत म्हणून दोन गोळ्या एक होत नाहीत.

लेथवाला
ठीक आहे. मॅगझीन काढलं, चेंबर बघितला, बोट घालूनही बघितलं, रिकामा आहे. बोल्ट बाहेर काढून वेगळ्या डब्यात कुलपात ठेवलाय. शनिवार रद्द. उद्या गनस्मिथला फोन करतो, सहा आठवडे तर सहा आठवडे. पण पार्ट परत करताना काय झिजलं होतं ते त्यानं दाखवलंच पाहिजे, त्यावर मी हटणार नाही. आणि प्लेनोकर, माझं लायसन्स मागच्या वर्षीचं निघालं. तुझ्या वकिलाचा नंबर मेसेज कर.