प्लगचे आटे गेलेत: हेलिकॉइल की बुश?

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या १०० सीसी बाईकच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) स्पार्क प्लगचे आटे गेलेत. गॅरेजमधल्या पोराने तापलेल्या इंजिनावर प्लग आधी हाताने न फिरवता थेट पान्याने आवळला, तो तिरका चढला. आता किक मारली की फसफस आवाज येतो, कॉम्प्रेशन गळतंय. प्लग १० मिमीचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. लेथवाला म्हणतो बुश (आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी) बसवू, दुसरा म्हणतो हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी).

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, जास्त काय टिकतं? हेड न उतरवता, टॅपला (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस फासून आटे पाडले तर कीस ग्रीसला चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही म्हणतात, ते खरं का? मला तरी पटत नाही. आणि नवीन प्लगला अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं तर टॉर्क (आवळायचा जोर) किती कमी ठेवायचा? पुण्यात खात्रीचा लेथवाला असेल तर तेही कळवा.