शेवळं शिजवली आणि घसा धरला! मदत हवी आहे

मंडळी, नाशिकच्या पेठ रोडला हरसूलकडच्या एका मावशींकडून शेवळ्याच्या (पावसाळ्यात येणारी रानभाजी) दोन जुड्या घेतल्या. त्यांनी सोबत मूठभर काकडं (शेवळ्याची खाज मारायला घालतात ती आंबट रानफळं) दिली होती, पण ती मी घरी येईपर्यंत हरवली (पिशवीला भोक, दुसरं काय). मग चिंचेच्या कोळावर भागवलं. भाजी दिसायला झकास, पण दोन घास खाल्ले आणि जीभ-घसा असा खाजवायला लागला की विचारू नका. सासूबाईंनी हातही लावला नाही, त्या शहाण्या.

शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळूसारखेच, एवढं माहीत आहे. मला विचारायचंय ते असं: आतल्या दांड्याचा पिवळा भाग पूर्ण काढायचा की थोडाच? मी तो तसाच चिरला होता, बहुतेक तिथेच घोळ झाला. दोन जुड्यांना काकडं किती? आणि काकडं नसतील तर चिंच पुरते का, की आधी तेलात खरपूस परतावं लागतं?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडच्या घरांत करतात तशी पद्धत कोणी सांगेल का? एक जुडी अजून फ्रीजमध्ये आहे. यूट्यूबच्या लिंका नकोत, स्वतः करणाऱ्यांनीच सांगा.